सोयाबीनचे तीन वाण शेजारीशेजारी पेरून पाहिले, त्याचा हिशेब

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या खोऱ्यात आमची शेती. नदीकाठच्या रानात ऊस, आणि उपशाचं पाणी न पोचणाऱ्या वरच्या रानात खरिपाला सोयाबीन, त्यामागून हरभरा नाहीतर शाळू. मामंजींनी तंबाखू कमी करून सोयाबीन धरलं तेव्हापासून घरात एकच वाण चालत आला, जेएस ३३५. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा, १९९४ मध्ये प्रसारित झालेला. या वाणानं आमच्या भागात सोयाबीन रुजवलं आणि त्यावर घरं उभी राहिली. घरचंच बी ठेवायचं, चाळायचं आणि मिरगाचा पाऊस झाला की पेरायचं.

पुढं बांधाबांधावर दुसरी नावं ऐकू यायला लागली. कागलकडचे पाहुणे आले की फुले संगमचं, म्हणजे केडीएस ७२६ चं कौतुक. हा सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचा, राहुरी विद्यापीठाचा वाण. धारवाडच्या कृषी मेळ्याला जाऊन आलेली माणसं डीएसबी २१ चं नाव घ्यायची. तो धारवाड कृषी विद्यापीठाचा, तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाला तग धरणारा. सीमेवर राहिल्यामुळं एक चांगलं झालंय, दोन राज्यांतल्या दोन विद्यापीठांचं काम आम्हाला हाताशी आहे. पण सांगणाऱ्या प्रत्येकाचं रान वेगळं. एकाचं काळं, दुसऱ्याचं मुरमाड. एकानं तीन फवारण्या केलेल्या, दुसऱ्यानं एकही नाही. एकानं मळणीच्या दिवशीचा ओला माल मोजला, दुसऱ्यानं वाळवून. अशा सांगण्यावरून सगळं रान बदलणं मला पटत नव्हतं. म्हणून २०२४ च्या खरिपात वरच्या रानातला सव्वा एकराचा तुकडा या तपासणीसाठी बाजूला काढला.

मामंजींना पटवायला वेळ लागला. "तीनशे पस्तीस काय वाईट हाय? इतकी वर्सं त्यानंच पोसलं की," ते म्हणाले. मी म्हणाले, "मामंजी, त्यालाबी शेजारी ठेवूया. चांगलं असंल तर वजनच सांगंल." त्यावर त्यांचं काही म्हणणं राहिलं नाही.

तांबेऱ्याबद्दल आधी लिहायला हवं, कारण आमच्या भागात वाणाचा सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात इकडं ढगाळ हवा, रिमझिम, सकाळी पानावर कितीतरी वेळ टिकणारं दव, आणि दिवसाचं तापमान पंचवीस अंशांच्या आसपास. तांबेऱ्याच्या बुरशीला हेच लागतं. १९९४ साली कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात त्याची मोठी साथ आली होती. आमच्याच जिल्ह्यात, आता कागवाड तालुक्यात असलेल्या उगार खुर्दला तांबेरा दरसाल इतका हमखास येतो की धारवाडचे शास्त्रज्ञ नवे वाण तिथं लावून पारखतात. जेएस ३३५ तांबेऱ्याला फार लवकर बळी पडतो. डीएसबी २१ ची एक बाजू जेएस ३३५ चीच आहे, दुसरी बाजू तांबेरा सोसणाऱ्या परदेशी वाणाची. केडीएस ७२६ तांबेऱ्याला मध्यम प्रतिकार करतो, म्हणजे रोग येतो पण आवरता येतो.

बियाणं गोळा करताना पैशाचा पहिला फरक दिसला. डीएसबी २१ चं बी रयत संपर्क केंद्रातून, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या केंद्रातून, सवलतीत मिळालं. फ्रुट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक), आधार आणि उतारा जोडलेला असला की काम होतं. केडीएस ७२६ सीमेपलीकडून आणलं, पण तिकडच्या अनुदानाला सातबारा लागतो आणि आमचा उतारा कर्नाटकातला, म्हणून पूर्ण दरानं घ्यावं लागलं. जेएस ३३५ घरचं. घरचं बी फुकट, असं आमच्याकडं सगळे धरतात. मी वहीत ते बाजारभावानं लिहिलं, कारण ते बी विकलं असतं तर पैसे आलेच असते.

तिन्हींची उगवण आधी तपासली. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि चांगले कोंब मोजायचे. प्रमाणित बियाण्याला ७० टक्के उगवण लागते. आमचं घरचं बी त्याच्या जेमतेम वर होतं, बाकीची दोन्ही चांगली वर. सोयाबीनच्या दाण्याची साल इतकी पातळ असते की पोतं जोरात आपटलं, थप्पी उंच रचली किंवा मळणी यंत्र जास्त वेगानं फिरवलं तरी उगवण जाते. म्हणून घरच्या बियाण्याचा दर शंभर दाण्यांमागच्या कोंबांवरून थोडा वाढवला. हे केलं नसतं तर विरळ उगवणीचा दोष वाणाच्या माथी बसला असता.

आता मांडणी. आमचं रान बांधाकडून ओढ्याकडं उतरतं. वर मुरूम, मध्ये मध्यम काळी, खाली भारी काळी. एक वाण वर आणि दुसरा खाली पेरला तर आपण जमिनीची तुलना करत राहतो. म्हणून रानाचे वर, मधला आणि खालचा असे तीन टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यात तिन्ही वाणांचे पट्टे घेतले. कुठला पट्टा कुणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्रत्येक पट्टा पुन्हा अर्धा केला. एका अर्ध्यात तांबेऱ्यावर औषध मारायचं, दुसऱ्यात नाही. मला सगळ्यात जास्त उत्सुकता याच वाटणीची होती. नुसता कुठला वाण जास्त देतो हे कळून भागत नाही, फवारणीशिवाय तो किती देतो आणि फवारणीला घातलेला रुपया परत येतो का, हे कळलं पाहिजे.

पेरणीच्या अंतरावर घरात बराच खल झाला. तिघांना एकच अंतर द्यायचं की ज्याला त्याचं? केडीएस ७२६ चं झाड पसरतं, त्याला दीड फुटी ओळ लागते आणि बी एकरी वीस किलोच्या आसपास पुरतं. बाकी दोन एक फुटी ओळीत चांगली येतात, पण बी जास्त जातं. माझ्या मते ज्याला त्याचं अंतर हेच न्याय्य. शेतकरी वाण निवडतो तेव्हा त्याच्यासोबत त्याची पेरणीची रीतही निवडतो. मात्र खत, पेरणीचा दिवस, भांगलण आणि अळीवरची औषधं तिन्हींना सारखीच ठेवली.

बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सावलीत सुकल्यावर शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू. सोयाबीनचं रायझोबियम वेगळं असतं, हरभऱ्याचं पाकीट चालत नाही, हे दुकानात पाकीट हातात घेऊन वाचावं. महिन्याभरानं मुळं उपटून गाठी पाहिल्या, चिरल्यावर आतून लालसर निघाल्या. म्हणजे नत्र धरायचं काम चालू होतं.

जुलैअखेर पावसानं झोडपलं. वेदगंगा-दूधगंगेवरचे पूल पाण्याखाली गेले. आमचं वरचं रान बचावलं, खालच्या टप्प्यात पाणी साचून पिकं काही दिवस पिवळी पडली, पण तिन्ही वाण सारखेच पिवळे पडले, त्यामुळं तुलनेला बाध आला नाही. तंबाखूची पानं खाणारी अळी आमच्याकडं सोयाबीनवरही येतेच, त्यासाठी सगळ्या रानावर एकसारखी फवारणी झाली.

तांबेरा पोळ्याच्या सुमाराला दिसला. खालच्या पानांपासून सुरुवात होते, म्हणून वरून हिरवंगार दिसणाऱ्या पिकातही वाकून पानाची मागची बाजू बघावी लागते. जेएस ३३५ च्या पानाखाली बोट फिरवलं की तपकिरी भुकटी बोटाला लागायची. डीएसबी २१ वरही लालसर ठिपके आले, पण बोट फिरवलं तर भुकटी जवळजवळ लागत नव्हती. ठिपका आहे म्हणजे रोग फैलावतोच असं नाही, ते तिथं डोळ्यांनी बघायला मिळालं. केडीएस ७२६ दोन्हींच्या मधला. ठरलेल्या अर्ध्या पट्ट्यांत हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक, लिटरला एक मिली या प्रमाणात, पाठीवरच्या पंपानं मारलं आणि मध्ये खंड ठेवून पुन्हा एकदा. वारा पडलेला असताना सकाळी, आणि मधल्या हद्दीवर दोघी बायका ताडपत्री धरून चालत होत्या, नाहीतर औषध उडून पलीकडच्या अर्ध्यात जातं आणि सगळी तपासणी वाया जाते. सप्टेंबरच्या मध्याला न फवारलेलं ३३५ पानगळ होऊन उघडं पडलं होतं. शेंगा होत्या, पण वरच्या शेंगा चपट्या. मामंजी त्या पट्ट्याच्या बांधावर बराच वेळ उभे होते. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "धारवाडचं बी पुढच्या साली किती लागंल?"

काढणी हा सगळ्यात कष्टाचा भाग झाला. डीएसबी २१ आणि ३३५ साधारण पंचाण्णव दिवसांत येतात, केडीएस ७२६ ला दहा-बारा दिवस जास्त लागतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी सोडून आतलं बरोबर दोन गुंठे टेपनं मोजून कापलं, कारण कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो, शेजारच्या उंच वाणाची सावलीही पडते. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून प्रत्येक वाणाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधली, फवारलेल्याला दोन गाठी. मळणी यंत्रात आधीच्या वाणाचे दाणे अडकून राहतात, म्हणून मोजणीचे ढीग ताडपत्रीवर काठीनं बडवले. वजन करताना ओलावा सारखा करून घेतला. अडतीवरच्या मीटरवर ओलावा बघायचा, १०० मधून तो वजा करायचा, त्यानं वजनाला गुणायचं आणि ८८ नं भागायचं. पन्नास किलो माल १६ टक्के ओलाव्याचा असेल तर १२ टक्क्यांना तो साडेसत्तेचाळीसच्या थोडा वर भरतो. गावातले बरेच विक्रमी उतारे या एका भागाकारात खाली येतील.

तिन्ही टप्प्यांची सरासरी काढून दोन गुंठ्यांचं वजन वीसपट केलं. न फवारलेलं ३३५ एकरी साडेसहा क्विंटललाही पोचलं नाही, ६.४. फवारलेलं ८.६. डीएसबी २१ न फवारता ८.८ आणि फवारून ९. केडीएस ७२६ न फवारता ९.४, फवारून १०.६. हे माझ्या रानाचे, त्या सालाचे आकडे आहेत, शेजारच्या शिवारातही वेगळे येतील. सोनाराच्या काट्यावर शंभर दाणे तोलले तर फरकाचं कारण दिसलं. फवारणी न केलेल्या ३३५ चा दाणाच बारीक राहिला होता.

इथवर बघितलं तर केडीएस ७२६ जिंकला. पण मला नफा बघायचा होता.

हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीत ओलाव्याची अट १२ टक्के, ती केंद्र सरकारनं नोव्हेंबरात १५ टक्के केली, तोवर हात अडलेल्या बहुतेकांनी माल घालून टाकला होता. आम्हाला सरासरी ४,२०० पडले, त्याच भावानं सगळा हिशेब केला. ठसठशीत दाण्याला अडतीत जास्त भाव मिळेल अशी आशा होती. तसं काही झालं नाही, तिन्हींना एकच भाव. तिथं ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणा बघतात, वाणाचं नाव कुणी विचारत नाही.

नांगरट, कुरी, खत, भांगलण, अळीची औषधं, काढणी, मळणी असा सारखा खर्च एकरी सोळा हजारांच्या आसपास गेला. यात माझी आणि आत्तींची भांगलण चालू मजुरीच्या दरानं धरलेली आहे. ती न धरता काढलेला नफा हा घरातल्या बायकांची मजुरीच असते, नफा नसतो. आमच्या भागातल्या शेतीच्या हिशेबांत ही मजुरी कुठंच दिसत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

वाणानुसार बदलणारे खर्च दोन, बी आणि तांबेऱ्याची फवारणी. एकरी बी ३३५ चं सुमारे १,४००, डीएसबी २१ चं २,०००, केडीएस ७२६ चं ३,०००. दोन फवारण्या औषध-मजुरीसह १,८००. आलेल्या पैशातून हे दोनच खर्च वजा केले (सोळा हजार तिन्हींना सारखेच, ते इथं काढले नाहीत) की न फवारलेल्या ३३५ ला साडेपंचवीस हजार उरतात, फवारलेल्याला तेहतीस हजारांच्या जरा आत. म्हणजे ज्यांच्याकडं ३३५ आहे त्यांनी फवारणी टाळणं परवडणारं नाही, अठराशे रुपयांनी सव्वासात हजारांवर भर घातली. डीएसबी २१ चं उलट. न फवारता पस्तीस हजार, फवारून चौतीस. एकरी वीस किलो जास्त येतं म्हणून औषध मारायचं, तर त्यात आपलेच हजार जातात. केडीएस ७२६ न फवारता साडेछत्तीस, फवारून ३९,७००. म्हणजे फवारलेला ७२६ हा न फवारलेल्या डीएसबीपेक्षा पावणेपाच हजारांनी वर. जास्तीच्या पोत्यांची मळणी आणि हमाली काढली तर चार हजारांवर.

पण घातलेल्या रुपयामागं किती परत आले ते बघितलं तर दोघं जवळजवळ बरोबरीत, डीएसबीला दोन रुपये पाच पैसे, ७२६ ला दोन रुपये चौदा पैसे. ज्याच्या हातात जूनमध्ये पैसा कमी आहे, सोसायटीचं कर्ज अजून मंजूर व्हायचंय, त्याच्यासाठी बी आणि औषधाचे मिळून अठ्ठावीसशे रुपये कमी घालावे लागणं ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडून हेही खरं की सोयाबीन स्वपरागी पीक असल्यानं ७२६ चं बी पुढं दोन-तीन वर्षं घरचं ठेवता येतं. मग तीन हजारांचा तो खर्च दरसाल पडत नाही आणि ७२६ आणखी वर जातो.

इथं वही मिटली असती तर मी सगळ्या रानात ७२६ पेरलं असतं. पण आमच्या रानात सोयाबीनमागून हरभरा येतो, आणि त्याचा हिशेब सोयाबीनच्या वाणाला चिकटलेला आहे. डीएसबीचे पट्टे आधी मोकळे झाले, तिथं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच जेजी ११ हरभरा पेरला. ७२६ निघेपर्यंत परतीचा पाऊस आला, वाफसा यायला वेळ लागला, पेरणी महिनाअखेरीस गेली. वरच्या मुरमाड टप्प्यात या उशिराचा फटका बसला. ओल लवकर उडाली, घाटे भरताना फेब्रुवारीचं ऊन लागलं, आणि एकरी एक क्विंटल हरभरा कमी आला. त्या सालचा हरभऱ्याचा हमीभाव ५,६५०, आम्हाला साडेपाच हजार मिळाले. खालच्या काळ्या टप्प्यात मात्र फरक पडला नाही. तिथं आधी पेरलेल्या हरभऱ्यालाच पावसाचं पाणी लागून मर झाली, आणि उशिराच्या हरभऱ्याला ओल शेवटपर्यंत पुरली.

मग सरासरी सोडून टप्प्याटप्प्यानं आकडे मांडले. वरच्या मुरमाडात फवारलेलं ७२६ डीएसबीपेक्षा एकरी १.२ क्विंटलच जास्त आलं होतं, पाच हजारांचं. त्यातून बी, फवारणी, मळणीचा जादा खर्च काढला की दोन हजारही उरत नाहीत, आणि हरभऱ्यात साडेपाच हजार जातात. वर्षाच्या शेवटी डीएसबी साडेतीन हजारांनी पुढं. खालच्या काळ्या रानात ७२६ अडीच क्विंटलनं जास्त, साडेदहा हजारांचं. खर्च जाऊन सात हजार हातात, आणि हरभऱ्यात काही तोटा नाही. एकाच बांधातल्या सव्वा एकरात वर आणि खाली दोन वेगळे वाण परवडतात, हे मी स्वतः तोललं नसतं तर कुणी सांगूनही मला खरं वाटलं नसतं.

२०२५ च्या खरिपात आम्ही वरच्या रानात डीएसबी २१ घेतलं, खालच्या काळ्यात केडीएस ७२६. एका सालावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून प्रत्येक टप्प्यात दोन-दोन गुंठे दुसऱ्या वाणाचे ठेवले, पाऊस कमी झाला आणि तांबेरा आला नाही तर आकडे कसे फिरतात ते बघायला. ३३५ चे दोन गुंठेही ठेवलेत, मामंजींच्या सांगण्यावरून, आणि त्याची फवारणी, वजन आणि नोंद आता तेच करतात.